मधल्या नावाची कडी

माझ्या लेकीचं पहिलं नाव ठेवायला माहेरचं अर्धं वडसा गाव पुढे सरसावलं होतं. आईने एक काढलं, मावशीने दुसरं, विहारात येणाऱ्या बायकांनी चार-सहा, आणि शेजारच्या काकूने टीव्हीवरच्या मालिकेतून एक आणलं, जे त्या मालिकेतल्या सगळ्यात खाष्ट बाईचं होतं. आडनावाचा प्रश्नच नव्हता. मधल्या नावाबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढलं नाही, कारण आपल्याकडे मधलं नाव कोणी ठेवत नाही. ते बापाबरोबर येतं. भाड्याच्या खोलीत आधीपासून असलेल्या लोखंडी कपाटासारखं ते मधोमध उभं असतं. रंग आवडो न आवडो, हलवता येत नाही.

मला मात्र त्या मधल्या नावाचाच निर्णय करावा लागला. नावाचा नव्हे, त्याच्या इंग्रजी स्पेलिंगचा. शेवटी एक ‘ए’ लावायचा की नाही, एवढाच. हे सांगितलं की लोक हसतात. त्यांना मी काही म्हणत नाही, कारण एका अक्षराने काय होतं हे लोकांना माहीत नसतं. मला होतं. लग्नाआधी मी सेतू केंद्रात ऑपरेटर होते. तहसील कचेरीच्या आवारात जातीचे, उत्पन्नाचे, रहिवासाचे दाखले काढून देणारी जी खोली असते, तिथल्या खिडकीमागे माझी खुर्ची होती. शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, असे लोक रोज यायचे. मग मी त्यांचं प्रतिज्ञापत्र टाईप करायची: ‘वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, हे मी शपथेवर सांगतो.’ हे वाक्य मला झोपेतून उठवून विचारलं तरी स्वल्पविरामासकट सांगता येईल.

त्या खिडकीशी आलेली एक मुलगी माझ्या डोक्यातून कधी गेली नाही. जंगलपट्टीतल्या गावची, नर्सिंगला नंबर लागलेली. तिच्या वडिलांच्या नावात एका कागदावर एक अक्षर जास्त पडलं होतं. ती दुरुस्ती होऊन जातपडताळणीचा कागद हातात येईपर्यंत तिची जागा दुसऱ्या कोणाला गेली. ती माझ्यापुढे रडली नाही. खिडकीची जाळी धरून नुसती उभी राहिली, आणि मागच्या माणसाने “सरका ना बाई” म्हटल्यावर सरकली.

मग माझं लग्न झालं आणि मी चंद्रपूरकडे, कोळसा खाणीच्या कॉलनीतल्या एका क्वार्टरमध्ये राहायला गेले. जायच्या आधी सेतूतल्या मैत्रिणीकडे बसून मी माझं आधार बदलून घेतलं. बाईचं लग्न झालं की तिचंही मधलं नाव बदलतं. बापाचं जातं, नवऱ्याचं येतं. त्याच्या दहावीच्या सनदेवर नावाच्या शेवटी तो जास्तीचा ‘ए’ होता. त्याच्या शाळेतल्या गुरुजींना वाटलं असेल की लावावा, म्हणून लावलेला. मी तो सनदेवर पाहून बिनचूक लिहून घेतला. आपल्या कामाचा मला तेव्हा अभिमान होता.

लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. तो पहिल्या पाळीला निघाला, दार ओढलं, आणि बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, चुकून लागली. मी खिडकीतून ओरडले, “अहो, कडी लागली!” तो वळला, हसला, आणि हात हलवून म्हणाला, “राहू दे. जमाना खराब हाय.”

त्यानंतर ती कडी रोजच लागली. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. त्याची वेळ बदलायची, कडी नाही. तो वाईट बोलायचा नाही, दारूच्या थेंबाला शिवायचा नाही, हात उचलणं तर दूरच. भाजी निवडून आणायचा, पाणी भरून ठेवायचा, फोनचा रिचार्ज संपायच्या आधी टाकायचा. सगळं काही आत होतं. मी खिडकीशी बसून समोरच्या क्वार्टरच्या भिंतीवर कोळशाची धूळ कशी चढते ते पाहायची. शेजारीण दुपारी खिडकीशी यायची, जाळीला तोंड लावून गप्पा मारायची आणि जाताना म्हणायची, “किती जपतेत वो तुमाले तुमचे मिस्टर!” मला तिचा इतका राग यायचा की तिने जाळीतून सरकवलेलं लोणचं मी तसंच ठेवून द्यायची.

आईला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, “मारत तं नाई ना?”

“नाही.”

“मंग सांभाळून घे मा.”

मारत नाही, इथेच माझी तक्रार संपायची. पोलिसांत जाऊन काय सांगणार? नवरा पाणी भरून ठेवतो म्हणून? कडी ही काय कोणाच्या अंगावर उठणारी वस्तू आहे? मी त्या क्वार्टरमध्ये दोन पावसाळे काढले, आणि हळूहळू दाराकडे न बघायचं शिकले. ते शिकले याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या घरातून मला बाहेर काढलं ते कोणत्या कायद्याने नाही, ‘पहिलं बाळंतपण माहेरी’ या रिवाजाने. रिवाज मोडायची त्याचीही छाती नव्हती. सातव्या महिन्यात त्याने मला गोंदियाच्या गाडीत बसवून वडशाला आणलं, आईच्या हाती सोपवलं, आणि निघताना पुन्हा पुन्हा बजावलं की घराबाहेर पडू देऊ नका. पण जो रिवाज दार उघडतो तोच लावूनही घेतो. बारसं झालं की नणंद येते आणि बाळ-बाळंतिणीला सासरी घेऊन जाते. म्हणजे मी सुटले नव्हते. मला सुट्टी मिळाली होती.

आईला मी सगळं तोंडाने, समोर बसून सांगितलं तेव्हा मात्र ती “सांभाळून घे” म्हणाली नाही. माझी आई धानाच्या गिरणीत काम करून एकटीने मला वाढवणारी बाई. हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की मैत्रिणींबरोबर मंडपात बसून रात्रभर नाटक बघायची आणि सकाळी थेट कामावर जायची. तिला कडी म्हणजे काय ते कळायला वेळ लागला. तिने विचारलं, “अन् तुले बाहेर जावंसं वाटलं तं?” मी म्हटलं, “वाटायचं.” ती उठली आणि अंगणात जाऊन उगाच झाडू लागली. संध्याकाळची वेळ होती, आणि संध्याकाळी ती कधी झाडत नाही.

मी फोनवर त्याला सांगितलं की बाळ झाल्यावर मी काही महिने इथेच राहीन म्हणते. तो चिडला नाही. त्याच्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, “तुले राह्याचं तं राह्य ना तुह्या मायकडं. लेकरू माह्यं हाय. लेकरू आणून दे.”

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. ते लेकरू अजून माझ्या पोटातून बाहेरही आलं नव्हतं, आणि मी ते कोणापासून कसं लपवायचं याचा विचार करत होते.

ज्या सरकारी दवाखान्यात मी बाळंत झाले त्याचं नाव नको. मुलगी झाली. घरी सोडायच्या दिवशी जन्माची नोंद करायला खिडकीशी जावं लागलं. बाजूच्या बाकावर बाळंतिणी, त्यांच्या सासवा, आया अशी गर्दी. कारकून भला माणूस होता. माझं आधार पाहून त्याने माझं नाव टाईप केलं, आणि न बघताच विचारलं, “बाई, मिस्टरचं नाव?”

मला ते घेता येईना. कोणी म्हणेल, नाव तर आहे, सांगून टाकायचं. पण मला वाटलं, हे नाव मी आता तोंडाने उच्चारलं तर या मशिनीत जाईल, मशिनीतून कागदावर येईल, आणि त्या कागदाला धरून माझ्या लेकीपर्यंत पोचेल. मी तोंड मिटून उभी राहिले.

आणि बाकावरच्या बायका हसायला लागल्या. त्यांना वाटलं, मी लाजतेय! आमच्याकडच्या जुन्या बायका अजूनही नवऱ्याचं नाव घेत नाहीत. दुसऱ्याला सांगायला लावतात, नाहीतर उखाण्यात गुंडाळून देतात. माझ्याच पलंगाशेजारी बाळंत झालेली एक गोड, जाडजूड बाई होती. ती म्हणाली, “अवो घ्या ना बाई नाव! शिकल्या-सवरल्या दिसता अन् लाजून काऊन राह्यल्या?” मी तरीही गप्प. मग तिनेच माझ्या वतीने सुरू केलं. तिला त्याचं नाव माहीत नव्हतं, पण त्यावाचून तिचं काही अडलं नाही. “वडशाच्या बाजारात तांदळाची रास, फलानेराव हायेत माह्यासाठी खास!” सगळा व्हरांडा हसला. कारकूनही हसला. मीही हसले असावे, कारण अशा वेळी तोंड आपोआप हसतं.

शेवटी आईने नाव सांगितलं. तिने घरात म्हणतो तसं म्हटलं आणि कारकुनाने ऐकलं तसं टाईप केलं. त्याने जावयाचं आधार मागितलं, पण ते माझ्याजवळ नव्हतं. त्याचे सगळे कागद त्याच्या कपाटात असत आणि कपाटाची चावी त्याच्या खिशात. पडद्यावर नाव उमटलं. शेवटचा ‘ए’ नव्हता.

सेतूतल्या माझ्या डोळ्यांना ते ताबडतोब दिसलं. बोट उचलून सांगणार होते. उचललं नाही.

“हे कच्चं हाय,” कारकुनाने एक कागद काढून दिला. “सोमवारपर्यंत चुका पाहून सांगा. मंग एकदा का सायबाची सही झाली तं माह्या हातात काही नाई. मंग दुरुस्तीले आई-बाप दोघाईच्या सह्या लागतीन, प्रतिज्ञापत्र लागन, लय कुटाणा हाय.”

आई-बाप दोघांच्या सह्या. घरी येईपर्यंत माझ्या कानात तेवढंच वाजत होतं. म्हणजे हे अक्षर असंच राहिलं तर माझ्या सहीशिवाय त्याला या कागदाचं काही करता येणार नाही. कॉलनीच्या दवाखान्याच्या कार्डावर तिचं नाव चढवायला गेला की तिथे विचारतील, हा बाप कोण? राशन कार्डावर गेला की विचारतील. तिथल्या शाळेत नाव घालायला गेला की विचारतील. कोर्टात असं अक्षर टिकत नाही, हे मला पुरतं माहीत होतं. एका अक्षराने बाप बदलत नसतो. पण त्याला दर दारात थोडं थांबावं लागेल, आणि दार उघडायला माझ्याकडे यावं लागेल. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कडी माझ्या बाजूने आली होती. मी तो कच्चा कागद उशीखाली ठेवला आणि बाळंतपणात पहिल्यांदा गाढ झोपले.

पण त्या झोपेला सेतूतल्या खुर्चीची सवय होती. पहाटे जाग आली ती त्या जाळी धरून उभ्या राहिलेल्या मुलीमुळे. माझी लेक अठरा वर्षांची होईल. तिला जातीचा दाखला लागेल, पडताळणी लागेल, आणि ती लागते बापाकडून, त्याच्या बापाकडून, जुन्या कागदांवरून. तिथे हे एक अक्षर उभं राहील. मागून कोणी म्हणेल, “सरका ना बाई.” मी तिच्या टाळूवर हात ठेवला. टाळू उडत होती. मग मी कागद काढून पुन्हा पाहिला आणि पुन्हा ठेवला. ते तीन-चार दिवस मी दुसरं काही केलंच नाही. दूध पाजता पाजता ठरवायची की राहू दे. ढेकर काढता काढता ठरवायची की नको. आईला विचारलं तर ती म्हणाली, “मले त्या इंग्रजीतलं काय समजते? पण ज्याच्यानं पोरगी त्याच्या हाती जाईन, तसं नको करू.” कशाने जाईल तेच तर मला कळत नव्हतं.

त्याचा फोन रोज यायचा. “दाखल्याचा फोटो टाक.” मी म्हणायची, नेट नाही. आमच्याकडे नेट नसणं ही देवाला मानणाऱ्यांनी देवाची आणि आम्ही झाडाझुडपांची कृपा मानायची गोष्ट आहे. ते कारण कधी संपत नाही.

बारसं रविवारी, घरीच. बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती, त्रिशरण-पंचशील झालं, खीर झाली. बाहेरून रात्रीच्या नाटकाची जाहिरात करत ऑटो चालला होता, त्याचा भोंगा इतका मोठा की नाव ठेवताना सगळे थांबले. तो स्वतः आला नाही, पाळी होती म्हणे. नणंद आली. लग्न होऊन मूल या गावी दिलेली, माझ्याहून लहान, मनाने साधी पोर. बाळाला टोपडी-झबली, पायात चांदीचे वाळे घेऊन आली. आत्याचा मान तिचा, म्हणून तिनेच पाळण्यावर वाकून लेकीच्या कानात नाव सांगितलं. पहिलं, मधलं, आडनाव, तिन्ही. मधलं नाव कानात जाताना लेकीने डोळे मिचकावले. सगळ्यांना कौतुक वाटलं.

जेवणं झाल्यावर ती माझ्याजवळ खाटेवर येऊन बसली. बाळाचे पाय चोळत म्हणाली, “वहिनी, उद्या संध्याकाळच्या गाडीनं जाऊ. दादा लय वाट पाहून राह्यला. अन् तुले एक गोष्ट सांगू? दादानं ते कडी काढून टाकली.”

खरं सांगते, त्या एका क्षणात मी परत जायला तयार झाले होते. लेकीला बाप, मला घर, अक्षराचा घोळच नको. इतकी स्वस्त झाले होते मी.

“खरं?”

“खरं ना! कडी खराब दिसते म्हणे. आता मस्त कुलूप बसवलं, दारातच. दोन्हीकून लागते ते, आतूनबी अन् बाहेरूनबी. चाबी फक्त दादाजवळ. लोकायले समजतबी नाई दार बंद हाय म्हणून.” ती मनापासून खूश होती. “पोरगी झाली ना आता, तिच्यासाठी. जमाना खराब हाय वहिनी.”

मी विचारलं, “तुले नाही वाटत काही?”

“काय वाट्याचं? आमच्या घरी असंच हाय. बाबा आईले असंच ठेवत. मलेबी, लग्न होयेपर्यंत.” ती हे इतकं सहज म्हणाली, जसं कोणी म्हणेल की आमच्याकडे वरणात गूळ घालत नाहीत. मग बाळाच्या पायातला वाळा नीट फिरवला आणि म्हणाली, “पाय लय गोड हायेत.”

ती झोपल्यावर मी उशीखालचा कागद काढला. दोन्हीकून लागते. हे शब्द माझ्या डोक्यात फिरत होते, आणि तेव्हा मला कागदावर ते दिसलं जे इतक्या दिवसांत दिसलं नव्हतं. वरच्या ओळीत बापाचं नाव, ‘ए’ शिवाय. खालच्या ओळीत आईचं, म्हणजे माझं नाव, आणि माझ्या नावाच्या मधोमध तोच, ‘ए’ सकट. माझ्याच हौसेने, बिनचूक लिहून घेतलेला. कागदावर माझी लेक एका माणसाची होती आणि मी दुसऱ्या माणसाची बायको. तिच्या नावातलं अक्षर पुसून मी तिला फक्त त्याच्यापासून तोडत नव्हते. तिला माझ्यापासूनही तोडत होते. ती माझी आहे हे दाखवायलाही मध्ये त्याचंच नाव लागत होतं.

आणि सह्या दोघांच्या. पडताळणीच्या वेळी, शाळेच्या वेळी, जेव्हा केव्हा हे अक्षर अडेल तेव्हा त्याला माझी सही लागेल हे खरं. पण मलाही त्याची लागेल. दर वेळी मला त्याच्या दारात जाऊन उभं राहावं लागेल, आणि त्या दाराला आता ते नवीन कुलूप आहे. मी जिला माझ्या बाजूची कडी समजत होते ती दोन्हीकडून लागत होती.

सोमवारी मी खिडकीशी गेले. लेकीला घेऊन आई होती, आणि दाखल्याचा फोटो काढून आणायला त्याने सांगितलं होतं म्हणून नणंद. त्या दिवशी लसीकरण असल्यामुळे व्हरांडा भरलेला. ती उखाणेवाली बाईही बाळाला घेऊन बसली होती. मला बघून तिने ओळखीचं हसून बाजूची पिशवी सरकवली.

“बोला बाई,” कारकून म्हणाला. “चुकलं काही?”

“बापाच्या नावाचं स्पेलिंग.”

“सांगा मंग. आज तरी सांगता काय?”

बायका पुन्हा हसल्या. मी खिडकीची जाळी धरली. आधी नाव घेतलं, पूर्ण, मोठ्याने. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. लग्नातल्या उखाण्यानंतर हे नाव मी तोंडाने घेतलं नव्हतं. मग एक एक अक्षर सांगत गेले, इंग्रजीत, शाळेतल्या पोरासारखं, आणि शेवटी म्हटलं, “ए. शेवटी ए आहे.” कारकुनाने बटण दाबलं. पडद्यावर नाव पूर्ण झालं.

मागे टाळ्या वाजल्या.

“घेतलं वो बाई घेतलं! एकदाचं नाव घेतलं!” उखाणेवाली बाई ओरडली. सगळा व्हरांडा टाळ्या वाजवत होता. कोणीतरी म्हणालं, “पोरगी झाली की भीड चेपते.” नणंद लाजून हसत होती, तिचे डोळे भरून आले होते. तिला वाटलं, मी दादाला माफ केलं. कारकुनानेही मान डोलावली. मी आयुष्यातलं सगळ्यात कडू काम करत होते आणि लोक माझं कौतुक करत होते. फक्त आईने टाळी वाजवली नाही. तिच्या हातात लेकरू होतं, आणि तिने ते छातीशी जरा जास्तच घट्ट धरलं होतं.

त्याच्याकडे पुन्हा कधी काही मागायला लागू नये, म्हणून मी त्याचं नाव बरोबर लिहिलं. हे मी तिथे कोणाला सांगणार होते?

बाहेर आल्यावर नणंदेने कागदाचा फोटो काढला. “चाल वहिनी,” ती म्हणाली. “सामान बांधू. गाडीचा टाईम होऊन राह्यला.”

“फोटो आला ना नीट?”

“आला.”

“मग तेवढा घेऊन जा. नाव त्याचं आहे, ते दिलं. लेकरू नाही देत.”

तिला आधी कळलंच नाही. मग तिचा चेहरा उतरला. ती भांडली नाही. भांडायचं तिला कोणी शिकवलंच नव्हतं. बराच वेळ ती आमच्याबरोबर चालत राहिली, स्टेशनचा रस्ता फुटेपर्यंत. तिथे तिने वाकून बाळाचे पाय हातात घेतले, आणि एकटीच गेली.

मी पुन्हा सेतूत लागले. माझी लेक आता चार वर्षांची आहे आणि आपलं पूर्ण नाव ठणठणीत सांगते, मधल्या नावासकट, जसं अंगणवाडीत शिकवलंय तसं. तो येतो. कधी दोन महिन्यांनी, कधी चार, सोबत कोणी ना कोणी शहाणा माणूस घेऊन. खाऊ आणतो. खुर्चीत बसतो, पाणी पितो, आवाज चढवत नाही. खिशातून दाखल्याची लॅमिनेशन केलेली प्रत काढतो आणि त्या शहाण्या माणसाला दाखवतो. त्यात एका अक्षराची चूक नाही. “पोरगी माही हाय,” तो म्हणतो. “आज ना उद्या मी नेईन.” मग जाताना लेकीच्या डोक्यावरून हात फिरवतो. त्याची गाडी गल्लीतून बाहेर पडेपर्यंत मी तिला कडेवरून उतरवत नाही.

अंगणवाडीच्या बाईंना मी सांगून ठेवलंय की माझ्याशिवाय आणि आईशिवाय कोणाच्या हाती तिला द्यायचं नाही. त्या हो म्हणतात, पण गोंधळतात, कारण कागदावर तर बाप आहे. गल्लीत मोटारसायकल थांबली की माझे हात थांबतात. अंगणात खेळायला मी तिला एकटीला सोडत नाही. खरं तर आता अंगणातही सोडत नाही.

परवा रविवार होता. आई बाजारात गेली होती, मी भात लावला होता. बाहेर शेजारची पोरं टायर फिरवत होती. लेकीने स्टूल ओढत दाराशी नेलं, त्यावर चढली, आणि दोन्ही हातांनी आतली कडी सरकवायला लागली. कडी जड आहे, तिच्याने सरकेना. तिने माझ्याकडे वळून विचारलं, “आई, दिवसा कडी काऊन लावतेस?”

मी तिला उचलून खाली ठेवलं, स्टूल आत नेलं, आणि काही सुचायच्या आधीच माझ्या तोंडून निघून गेलं, “जमाना खराब हाय बेटा.”